गळका फ्लश, हिरवी पाटी आणि खोल्या आवरणाऱ्या बायका

समुद्रकाठ

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात इथे कुणीतरी विचारलं होतं की होमस्टे पर्यावरणपूरक करायचा तर सोलर, बायोगॅस आणि कंपोस्ट यांतलं आधी काय करावं. उत्तर लिहायला बसले आणि भलतंच लिहून झालं, म्हणून वेगळा धागा काढते.

मी सोळा वर्षं हाउसकीपिंगमध्ये काढली. आधी गोव्यात, मग पुण्यात. रूम अटेंडंट म्हणून लागले आणि फ्लोअर सुपरवायझर असताना सोडलं. आता चार वर्षं झाली, मालवणजवळ सासरच्या घरात पाच खोल्यांचा होमस्टे चालवते. गावातल्या दोघी कामाला येतात, एक मावशी आणि एक तिच्या भावकीतली सून. स्वयंपाकघर सासूबाईंकडे.

आमच्या गावाच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र. एप्रिल उजाडला की विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागतं. त्यामुळे पाण्याचं जे जे करता येईल ते पहिल्या दिवसापासून मनापासून केलं. नळांना जाळ्या बसवल्या, अंघोळीचं पाणी माडांच्या आळ्यांत वळवलं, प्रत्येक खोलीत पाटी लावली: "पाणी जपून वापरा, हे आमच्या विहिरीचं आहे." पाहुणे पाटीचे फोटो काढायचे. मला फार बरं वाटायचं.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा. पाचही खोल्या भरलेल्या. दोन दिवस पंप नेहमीपेक्षा जास्त वेळा लावावा लागत होता, मी ते गर्दीवर ढकललं. २८ तारखेला पहाटे साडेपाचला गच्चीवरची दोन हजार लिटरची टाकी खडखडीत. रात्री भरून ठेवलेली. विहिरीनेही तळ दाखवला होता. तीन नंबरच्या खोलीत फ्लशच्या टाकीतला रबर बसतच नव्हता, धार रात्रंदिवस चालू. टँकर मागवला, नाश्त्याला उशीर झाला, एक कुटुंब अंघोळीवाचून पोरांना घेऊन देवबागजवळच्या त्सुनामी बेटाच्या होडीत बसलं.

सगळं निस्तरल्यावर दुपारी मावशीला विचारलं, तुला दिसलं नाही का? ती विळीवर बसून नारळ खवत होती. मान वर न करता म्हणाली, "परवाच दिसला होता माका. पण चादरीवरसून इतक्या बोललात तुम्ही, म्हटलंय आता परत कित्याक सांगू."

चादरीवर हळदीचा डाग राहिला होता. मी तिला पाहुण्यांसमोर बोलले होते. माझ्याहून वीस वर्षांनी मोठी बाई. त्या आठवड्यात दोघींना एकही सुट्टी दिलेली नव्हती, हेही इथेच लिहून टाकते.

तेव्हा मला पुण्यातली एक मुलगी आठवली. त्या हॉटेलचं नाव घेत नाही. बाथरूममध्ये सुंदर हिरवं कार्ड असायचं, टॉवेल पुन्हा वापरणार असाल तर हुकला अडकवा, धुवायला द्यायचा असेल तर खाली ठेवा. एका खोलीत पाहुण्याने टॉवेल नीट घडी करून हुकला अडकवला होता आणि ही मुलगी तो काढून लॉन्ड्रीच्या पिशवीत टाकत होती. मी विचारलं, अगं, अडकवलाय ना? ती म्हणाली, "मॅडम, कार्ड पाहुण्यांसाठी आहे. मार्क माझे जातात."

खरंच होतं ते. तपासणीच्या तक्त्यात 'टॉवेल ताजा आणि घडी एकसारखी' असा रकाना होता. वापरलेला टॉवेल दिसला की गुण कापले जायचे आणि महिन्याचा इन्सेन्टिव्ह त्या गुणांवर ठरायचा. तो तक्ता मी रोज भरत होते, खाली सही माझी असायची. त्या वर्षी हॉटेलला पर्यावरणाचा पुरस्कार मिळाला. फोटोत हाउसकीपिंगची एकही बाई नव्हती.

मला असं वाटतं की गळती, नासाडी, तुटकं, वाया जाणारं, हे सगळ्यात आधी दिसतं ते झाडणाऱ्या, धुणाऱ्या, भांडी घासणाऱ्या माणसाला. ते ती वर सांगते की गिळून टाकते, हे आपण तिच्याशी कसं वागतो यावर आहे. सोलर त्याच्या नंतर. तुमचा अनुभव काय? हॉटेल, रिसॉर्ट, जहाज, टूर कंपनी, कुठलाही चालेल.

मंद_आच

ताई, 'मार्क माझे जातात' इथे मी बराच वेळ अडकलो.

किचनमध्ये बावीस वर्षं झाली. 'कमी थ्री' म्हणजे सगळ्यात खालचा स्वयंपाकी म्हणून लागलो तेव्हाचे आमचे एक्झिक्युटिव्ह शेफ हाताला लागेल ते फेकायचे. एका शनिवारी रात्री आमच्यातल्या एका पोराच्या हातून मखनी ग्रेव्हीचा अख्खा हंडा तळाला लागला. त्याने कुणाला न सांगता भांडी घासायच्या जागेमागच्या नाल्यात ओतला, वरून गरम पाणी सोडलं. लोणी आणि काजूची पेस्ट, ती कुठे जाणार? ग्रीस ट्रॅप, म्हणजे सांडपाण्यातलं तेल-तूप अडवणारी टाकी, तुंबला आणि रविवारी ब्रंचच्या वेळी नाला उलटा होऊन स्टोअरपर्यंत आला. पिठाची पोती भिजली. एक हंडा ग्रेव्ही वाया गेली असती, तिथे अर्धं कोठार गेलं. आणि तो पोरगा सोमवारी आलाच नाही.

मी सू शेफ, म्हणजे मुख्य शेफच्या हाताखालचा, झालो तेव्हा कचऱ्याच्या डब्याखाली वजनकाटा ठेवला आणि भिंतीला वही टांगली. काय टाकलं, किती, का. पहिल्या दिवशी सगळ्यांना उभं करून सांगितलं की एक महिना या वहीवरून कुणालाही एक शब्द विचारणार नाही. पहिले चार दिवस वही कोरी. पाचव्या दिवशी एका पोराने लिहिलं, 'भात दोन किलो, माझ्याकडून करपला.' सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी वाचलं आणि पुढे गेलो. त्यानंतर वही भरायला लागली.

महिन्याने बेरीज केली तर पोरांच्या चुकांचा वाटा अगदी थोडा निघाला. सगळ्यात जास्त अन्न जात होतं बुफेच्या शेवटच्या अर्ध्या तासात, कारण वरून हुकूम होता की शेवटचा पाहुणा आला तरी प्रत्येक भांडं काठोकाठ भरलेलं दिसलं पाहिजे. वाटीएवढ्या भांड्यांत थोडं थोडं भरायची परवानगी मिळवायला मला त्या वहीचाच उपयोग झाला. जनरल मॅनेजरसमोर ठेवली, त्यांनी पानं उलटली, परवानगी दिली.

तेलाचंही तसंच. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात पोलर संयुगं तयार होतात, ती २५ टक्क्यांच्या वर गेली की ते वापरायचं नाही असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम २०१८ पासून आहे. मोजायचा मीटर प्रत्येक मोठ्या किचनमध्ये असतो. पण 'शेफ, तेल बदलायला लागेल' हे म्हणायची हिंमत फ्रायरवरच्या पोरात नसेल तर मीटर कपाटात राहतो.

एक सांगतो, मी दोन वर्षं जर्मनीत काम केलं. तिथे एक पाळी संपल्यावर दुसरी सुरू होईपर्यंत ११ तास विश्रांती कायद्याने द्यावी लागते. हॉटेलांना तासाभराची सूट आहे, पण तो तास नंतर भरून द्यावा लागतो. आपल्याकडे ब्रेक शिफ्टमध्ये पोरगं सकाळी नऊला येतं, तीन ते सहा स्टाफ रूमच्या फरशीवर पडतं आणि रात्री बाराला सुटतं. त्याच्याकडून गॅस बंद केलाय का, फ्रीजचं दार नीट लागलंय का, ही अपेक्षा कशी करायची?

पांढरा_खडू

मी कॅटरिंग कॉलेजात शिकवते. समुद्रकाठ, तुमच्या टॉवेलच्या कार्डाला मोठा इतिहास आहे. कंपन्यांच्या दिखाऊ पर्यावरणप्रेमाला 'ग्रीनवॉश' हा शब्द जे वेस्टरवेल्ड या अमेरिकन पर्यावरणवाद्याने १९८६ साली वापरला तो हॉटेलांच्या टॉवेलच्या कार्डावरूनच. म्हणजे हा शब्द आपल्याच धंद्याच्या पोटातून आलेला आहे.

पुढे २००८ मध्ये गोल्डस्टाइन, चाल्डिनी आणि ग्रिस्केविशियस या तिघा संशोधकांचा हॉटेलातला प्रयोग प्रसिद्ध झाला. 'पर्यावरण वाचवा' असं नेहमीचं कार्ड ठेवलं तेव्हा सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला. 'इथले बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात' असं लिहिलं तेव्हा ४४ टक्क्यांनी. मार्केटिंगच्या वर्गात हा प्रयोग हमखास शिकवला जातो. मी मुलांना आणखी एक गोष्ट सांगते. कुठल्या खोलीत टॉवेल पुन्हा वापरला आणि कुठल्या नाही, याच्या नोंदी त्या हॉटेलच्या खोल्या आवरणाऱ्या कर्मचाऱ्यांनीच ठेवल्या होत्या. आपल्याकडे त्याच माणसाच्या हातात उलटा तक्ता देतात.

आणि एक आठवण. दादरचं कॅटरिंग कॉलेज १९५४ साली अखिल भारतीय महिला मध्यवर्ती अन्न परिषदेने सुरू केलं, लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने. ते दिवस धान्याच्या टंचाईचे. आपल्या देशात या धंद्याचं शिक्षण सुरू झालं ते अन्न जपण्याच्या काळजीतून, आणि सुरू करणाऱ्या बायका होत्या. मला याचा अभिमान वाटतो, म्हणून पहिल्या दिवशी वर्गात हेच सांगते.

टेबललँड

मी पाचगणीत अठरा खोल्यांचं हॉटेल चालवतो, वडिलांपासूनचं. धागा मनापासून वाचला. ओरडणं चूक, पाहुण्यांसमोर तर नाहीच नाही, हे मान्य. पण मालकाची बाजूही कुणीतरी मांडली पाहिजे.

आमचा धंदा एप्रिल-मे, दिवाळी आणि नाताळ. जुलै-ऑगस्टमध्ये धुकं, पाऊस आणि रिकाम्या खोल्या. ऑनलाइन बुकिंगवाले त्यांचं कमिशन आधी कापून घेतात. मुलं झारखंड, ओडिशा, नेपाळमधून येतात, सीझनचा पगार घेतात आणि पावसात गावी जातात. त्यातली निम्मी परत येत नाहीत. दर वर्षी नव्या मुलांना चादर ताणण्यापासून शिकवायचं. अशा माणसांशी तुम्ही म्हणता तसं नातं कधी जुळायचं? आणि आठवड्याची सुट्टी सीझनच्या सहा आठवड्यांत मी देऊ शकत नाही, तेवढी माणसंच नाहीत. बोलायला सोपं आहे.

समुद्रकाठ

टेबललँड दादा, बोलायला सोपं नाही, मीसुद्धा नाताळात सुट्टी दिली नव्हती असं वर लिहिलंच आहे. पण मी हिशेब मांडला. टँकर, एका कुटुंबाला परत केलेले एका रात्रीचे पैसे, आणि त्यांनी लिहिलेला अभिप्राय, जो आजही पहिल्या पानावर दिसतो. दोघींना आळीपाळीने एकेक दिवस सुट्टी देऊन गावातली तिसरी बाई रोजावर घेतली असती तर याच्या निम्म्यातही भागलं असतं.

पावसाचं म्हणाल तर आमच्याकडेही जून ते ऑगस्ट शुकशुकाट. पहिल्या वर्षी मी दोघींना 'गणपतीत या' म्हणून सांगितलं होतं. गणपतीत आल्या तेव्हा सून माशांच्या कंपनीत जायचं ठरवून आली होती. दुसऱ्या वर्षापासून पावसात तीन दिवस काम आणि निम्मा पगार असं ठरवलं. गाद्या उसवून उन्हाच्या तिरपीला घालायच्या, जुन्या चादरींचे पायपुसणे शिवायचे, उन्हाळ्यात वाळवलेली आमसुलं, सांडगी मिरच्या निवडून भरायच्या. हे पाहुणे विकत नेतात, त्यातून तो पगार जवळजवळ निघतो. तुमच्याकडे स्ट्रॉबेरीचा मुरांबा आहे, मध आहे. अठरा खोल्यांवरची सगळी माणसं नाही, चार टिकली तरी पुढच्या सीझनला नव्यांना शिकवायला तीच असतील.

मिशिगनकाठ

शिकागोत राहते, एका मोठ्या हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला आहे. इकडची दोन उदाहरणं सांगते.

इथल्या बऱ्याच हॉटेल-साखळ्यांनी योजना काढली होती की पाहुण्याने रोजची साफसफाई नको म्हटलं तर त्याला पॉइंट किंवा कूपन मिळेल, पाणी आणि वीज वाचेल. ऐकायला छान. प्रत्यक्षात खोल्या आवरणाऱ्या बायकांचे तास कमी झाले, म्हणजे पगार कमी, आणि चौथ्या दिवशी ती खोली उघडली की चार दिवसांचा पसारा त्याच अर्ध्या तासात काढायचा. घाण बसलेली असल्यामुळे रसायनंही जास्त लागायची. २०१८ मध्ये मॅरियटच्या हॉटेलांमधल्या सुमारे ७,७०० कामगारांनी आठ शहरांत संप केला. 'एक नोकरी पुरेशी असली पाहिजे' ही त्यांची घोषणा होती आणि मागण्यांच्या चर्चेत ही हिरवी योजनाही होती. पर्यावरणाच्या नावावर वाचलेला पैसा कुणाच्या ताटातून आला, हे त्या बायकांनी सगळ्यांसमोर मांडलं.

दुसरं चांगलं. आमच्या शहराने २०१७ मध्ये कायदा केला की एकटीने खोलीत काम करणाऱ्या प्रत्येकीला हॉटेलने धोक्याचं बटण दिलं पाहिजे. दाबलं की सुरक्षारक्षक येतो. आमच्याकडे ते गळ्यात असतं. एक पोलिश मावशी आहे, निवृत्तीला आलेली. ती म्हणाली की एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ती खोलीचं दार पूर्ण उघडं न ठेवता बाथरूम घासते.

कलम_एकोणीस

मिशिगनकाठ यांच्या बटणावरून लिहिते, कारण आपल्याकडे हे फार कमी जणींना माहीत आहे. मी वकील आहे, कामगारांची प्रकरणं बघते.

आपला २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा फक्त साहेब आणि सहकारी यांच्यापुरता नाही. कलम १९ मध्ये मालकाचं कर्तव्य सांगितलंय की कामाच्या ठिकाणी ज्यांच्या ज्यांच्याशी संबंध येतो त्यांच्यापासूनही सुरक्षित वातावरण द्यायचं. म्हणजे पाहुणा आला, सप्लायर आला, टूरवरचा प्रवासी आला. पाहुण्याने दार लावून घेतलं, हात धरला, नको ते बोलला आणि मॅनेजर म्हणाला 'जाऊ दे, मोठा क्लायंट आहे', तर ती त्या मॅनेजरची नीट कायद्यात सापडणारी चूक आहे.

दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती हवीच. अध्यक्ष बाई, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, एक सदस्य बाहेरची. आणि समुद्रकाठसारख्या छोट्या होमस्टेतल्या बाईने काय करायचं? तिच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते, जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची, कारण पटण्यासारखं असेल तर मुदत वाढते. लिहिता येत नसेल तर समितीने लिहून घ्यायला मदत करायची असते. कृपया हे तुमच्याकडच्या बायकांना मराठीत, तोंडी, एकदा सांगा.

टेबल_नंबर_सात

मी वेटर आहे, मुंबईत. टिपेचं लिहू का? सर्व्हिस चार्ज सक्तीने लावायचा नाही असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ते कायम केलं. ग्राहक म्हणून मला पटतं. पण आमच्यापैकी कितीतरी जणांना नोकरीवर घेताना 'पगार कमी, पण सर्व्हिस चार्जचा वाटा मिळेल' असं सांगितलेलं होतं. चार्ज गेला, पगार तोच राहिला.

आधीच्या एका ठिकाणी टिप बॉक्स मॅनेजरच्या केबिनमध्ये असायचा, किल्ली त्याच्याकडे. आताच्या ठिकाणी पेटी बिलिंगच्या शेजारी आहे, रविवारी रात्री सगळ्यांसमोर मोजतात, भांडी घासणाऱ्या दोघांनाही वाटा मिळतो. रक्कम जास्त नसते. पण त्या दोघांना वाटा मिळायला लागल्यापासून उष्ट्यातून चमचे फेकले जायचे बंद झाले. आधी महिन्याला डझन-डझन चमचे कचऱ्यात जायचे.

नेरळ_लोकल

माथेरान कुणीच काढलं नाही म्हणून लिहितो. लहानपणापासून त्या डोंगराखाली राहतो.

४ फेब्रुवारी २००३ ला माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं. मोटारगाड्यांना तर त्याच्या कितीतरी आधीपासून बंदी. दस्तुरीला गाडी सोडायची आणि पुढे कितीतरी वर्षं पायी, घोड्यावर नाहीतर हातरिक्षात. हवा स्वच्छ, माती लाल, झाडी गर्द. सगळे म्हणायचे, बघा कसं जपलंय. आणि ते जपलेलं होतंच. पण त्या चढावर रिक्षात बसलेल्या माणसाला पुढून ओढणारा आणि मागून ढकलणारे जे होते, त्यांच्या गुडघ्यांचा आणि छातीचा हिशेब कुणी ठेवला? माझ्या शाळेतल्या मित्राचे वडील हातरिक्षा ओढायचे. पावसात पाय घसरू नये म्हणून अनवाणी. संध्याकाळी घरी आले की पायऱ्या चढताना भिंतीला हात लावून चढायचे.

ई-रिक्षासाठी हातरिक्षावाल्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. २०२२ मध्ये प्रायोगिक परवानगी मिळाली. ६ ऑगस्ट २०२५ ला तेव्हाचे सरन्यायाधीश गवई यांच्या पीठाने सांगितलं की माणसाने माणसाला ओढण्याची ही पद्धत सहा महिन्यांत बंद करा आणि या लोकांचं ई-रिक्षा देऊन पुनर्वसन करा. पैसे नाहीत ही सबब चालणार नाही हेही सांगितलं. गुजरातमध्ये केवडियाला स्थानिकांना ई-रिक्षा भाड्याने दिल्या जातात, त्याचा दाखला दिला.

ई-रिक्षांमुळे धंदा जाईल ही घोडेवाल्यांची काळजी मला समजते, त्यांच्या पोटाचा प्रश्न खरा आहे आणि तो सोडवलाच पाहिजे. पण डोंगर हिरवा ठेवायला माणसाला जनावराच्या जागी जुंपावं लागत असेल, तर त्या हिरवेपणाचं कौतुक मला कधीच करता आलं नाही.

खाडीपलीकडे

नेरळ_लोकल, डोळ्यांत पाणी आलं.

आमच्याकडचं थोडं सांगते. माहेर मंडणगड तालुक्यातलं. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने समुद्री कासवांची घरटी जपायचं काम सुरू केलं आणि २००६ पासून कासव महोत्सव भरायला लागला. गावात हॉटेल उभं राहिलं नाही, पाहुणे लोकांच्या घरी उतरतात. जेवण घरचं, झोपायला पडवी किंवा माडी. घरटी राखणारी माणसंही गावातलीच. अंडी उबायला पन्नासएक दिवस लागतात, तेवढे दिवस कुत्री, कोल्हे, खेकडे यांच्यापासून ती जपायची. पिल्लं समुद्राकडे निघाली की दोरीपलीकडे पाहुण्यांना थोपवणारा पोरगा शहरी साहेबाला 'फ्लॅश बंद करा' असं ठणकावून सांगतो. त्याला भीती वाटत नाही, कारण किनारा त्याचा आहे आणि साहेब त्याच्याच काकूकडे जेवणार आहे. नोकर म्हणून उभा असता तर एवढ्या जोरात बोलला नसता.

मंद_आच

+१. हे फार नेमकं बोललात.

पुणेरी_पाहुणी

मी या धंद्यातली नाही, वर्षातून दोनदा कोकणात जाणारी आहे. धागा वाचून अस्वस्थ झाले. आम्ही पाहुण्यांनी नेमकं काय करायचं ते सांगाल का? आणि अभिप्रायात नाव घेऊन तक्रार लिहिली तर काय होतं? मी एकदा लिहिली होती.

समुद्रकाठ

पुणेरी_पाहुणी, विचारलंत हेच खूप. मोठ्या हॉटेलात नाव घेऊन लिहिलेली तक्रार सकाळच्या ब्रीफिंगमध्ये सगळ्यांसमोर वाचतात. कधी कधी पगारातून कापतात. तक्रार जरूर करा, पण आधी तिथल्या तिथे माणसाला सांगा, दुरुस्त करायची संधी द्या. नाव लिहायचं असेल तर चांगलं लिहिताना लिहा. माझं नाव एका आजोबांनी अभिप्रायाच्या कार्डावर लिहिलं होतं, ते कार्ड अजून माझ्याकडे आहे.

बाकी बारीकसारीक. निघायची वेळ आदल्या रात्री सांगा, म्हणजे खोल्यांचा क्रम लावता येतो आणि धावपळ वाचते. ओला टॉवेल गादीवर टाकू नका, गादीला लागलेली ओल दमट हवेत दोन दिवस सुकत नाही. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून डब्यात टाका, फ्लशमध्ये नको, ते हाताने काढणारी बाईच असते. टिप द्यायची असेल तर खोली आवरणाऱ्या बाईच्या हातात द्या, काउंटरवर नको. आणि नळ गळत असेल, पंख्याचा आवाज येत असेल तर सांगा. त्यावरून तुम्हाला कुणी किरकिरे म्हणणार नाही.

टेबललँड

समुद्रकाठ ताई, आठवडाभर विचार करत होतो. सीझनमधल्या सुट्टीबद्दल माझं मत अजून तेच आहे, तिथे मला वाट दिसत नाही. पण काल दोन गोष्टी केल्या. आमचा चेकिंगचा तक्ता काढून बघितला. आमच्याकडेही 'टॉवेल ताजा' असा रकाना आहे. वडिलांच्या वेळी एका सल्लागाराने दिलेला तक्ता, मी कधी वाचलाच नव्हता. तो रकाना खोडला आणि तिथे 'पाहुण्याने अडकवलेला टॉवेल तसाच ठेवला का' असं लिहिलं.

दुसरं, स्टाफ क्वार्टर्समध्ये गेलो. खरं सांगतो, दीड वर्षांनी गेलो. सोलरचं गरम पाणी पाहुण्यांच्या खोल्यांना आहे, तिकडे पाइपच नेलेला नाही. पाचगणीच्या जानेवारीत पोरं पहाटे पाचला थंड पाण्याने अंघोळ करून नाश्ता लावायला येतात. प्लंबरला बोलावलंय. या पावसाळ्यात चौघांना ठेवूनही बघणार आहे.

कलम_एकोणीस

टेबललँड, सुट्टीचं टाळू नका. आठवड्याची सुट्टी ही कायद्यातली गोष्ट आहे, मेहरबानीची नाही. सीझनपुरती दोन माणसं जास्त घ्या आणि तो खर्च खोलीच्या दरात धरा. सविस्तर हवं असेल तर निरोप पाठवा, फी नको.

टेबललँड

पाठवतो.

समुद्रकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मंद_आच दादांची वही मी उचलली. आमच्याकडे स्वयंपाकघराच्या दाराला अडकवली आहे, दोऱ्याला पेन बांधून. मावशीला लिहिता येत नाही, म्हणून ती चित्र काढते. पहिल्या आठवड्यात काहीच नाही. मी रोज बघायचे आणि गप्प बसायचे. फार जड गेलं ते गप्प बसणं. चादरीबद्दल तिची माफी मागितली होती, सुनेच्या आणि सासूबाईंच्या समोर, कारण बोलले होतेही चारचौघांतच. तेव्हा ती 'होऊ दे गो' एवढंच म्हणाली होती.

या सोमवारी वहीत एक नळ काढलेला होता, खाली तीन थेंब आणि शेजारी पाच रेघा. पाच नंबरची खोली. दुपारी प्लंबर येऊन गेला, वॉशर बदलला. संध्याकाळी मावशीने तोंड धुतलं, पदराला हात पुसले आणि त्या नळाच्या चित्रावर स्वतःच्या हाताने आडवी रेघ मारली. मग मला म्हणाली की उद्या तिची सुट्टी आहे, दोन नंबरच्या खोलीतल्या गादीला ऊन दाखवायचं मी विसरू नये.